आबांच्या वतीनं उचललेला भंडारा

"तुज्या मेंढरांचं मत काय हाय, ते बी इचारून ये की रं."

सरपंच हे माझ्या बापाला म्हणाले. भर ग्रामसभेत, चावडीत, सगळ्या गावासमोर. बा चावडीच्या पायरीवर उभा होता. आत सतरंजी अंथरलेली होती, पण आमच्या धनगरवस्तीची माणसं सतरंजीवर बसत नसत. बसू नका असं कुणी म्हणायचं नाही. घोंगड्याला मेंढरांचा वास मारतो, एवढंच म्हणायचे.

सभा हसली. मागून कुणीतरी मेंढरासारखा आवाज काढला. सभा परत हसली.

मी आत होतो. सतरंजीवर नाही, सरपंचांच्या शेजारी, खुर्चीवर. ठरावाची वही माझ्या मांडीवर होती.

मी पण हसलो.

हे मला आधी सांगायचं आहे. बाकीचं सगळं त्याच्यानंतर येतं. पुढं जे झालं त्यात दुसऱ्यांचे दोष मी खूप सांगू शकतो आणि सांगणारही आहे. पण त्या दिवशी बापाची चेष्टा झाली आणि माझे दात दिसले. बानं ते बघितले.

आमचं गाव सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचं. खाली नदीकाठची काळी जमीन, विहिरी, इंजिनं, ऊस. वर माळ. माळाच्या पोटाला गायरान. ते कुणाच्या नावावर नव्हतं, म्हणजे गावाचं होतं. पाऊस पडला की आठ दिवसांत हिरवं व्हायचं आणि दसऱ्यापर्यंत हिरवं राहायचं.

दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायची. तिकडचे शेतकरी खतासाठी आपल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. असं रान बदलत बदलत उन्हाळा काढायचा आणि मृगाच्या आगेमागे गावाला परतायचं. परत यावं तर गावातली सगळी रानं पेरायला निघालेली. पाय ठेवायला जागा नाही. मग मेंढरं उभी करायची कुठं? गायरानात. पेरणीपासून दसऱ्यापर्यंतचे ते चार महिने गायरान होतं म्हणून आमची मेंढरं होती, आणि मेंढरं होती म्हणून आम्ही होतो. यात समजायला अवघड काही नव्हतं. आबांनाही ते समजत होतं.

सरपंचांना गाव आबा म्हणायचं. आबा माझ्या बापाहून दहा वर्षांनी लहान. तरी ते बाला अरे-तुरे करायचे आणि बा त्यांना अहो-जाहो. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी तालुक्याला वसतिगृहात राहून मॅट्रिक झालो होतो. वस्तीवरचा पहिला. ग्रामसेवकाकडं तीन गावं, तो आठवड्यातनं दोनदा यायचा, म्हणून सभेचा ठराव उतरून काढायचं काम आबांनी मला दिलं होतं. हायस्कूल झालं की तिथला कारकून तूच, असं ते चारचौघांत म्हणायचे. त्यांच्या सोप्यात मला चहा मिळायचा. कप वेगळा नव्हता. मला वाटायचं, माणूस मोठा आहे.

ते हायस्कूल गायरानात बांधायचं, हा त्या दिवशीचा विषय होता. बहात्तरचा दुष्काळ सरून पाऊस नुकता ठिकाणावर आलेला, ते साल. दसरा होऊन चार दिवस झालेले, म्हणून वस्तीची माणसं गावात होती.

सभा चांगली दोन तास चालली. गाव एकमुखी होतं असं नाही. कुणी म्हणालं, माळाच्या पल्याड खडकाळ पड आहे, तिथं बांधा. कुणी म्हणालं, पोरांनी खडकावर शिकायचं काय, विंचू चावतील. हवालदार तात्या उठले. हे फौजेतनं पेन्शनीत आलेले, गावात त्यांच्या शब्दाला वजन. ते म्हणाले, "स्कूलला जागा लागती किती? आर्मीत आमी आख्खी कंपनी दोन एकरात बसवायचो, घोडी सोडून." लोक हसले, पण माना हलल्या. गायरान चांगलं मोठं होतं. शाळेला सगळं कशाला पाहिजे, हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता.

तेव्हा बा पायरीवरनं बोलला. "शाळा पायजेच आबा. माजं पोरगं शिकलं, मला ठावं हाय. पर मिरगापास्नं दसऱ्यापातूर मेंढरं कुटं हुबी करू, तेवडं सांगा."

त्यावर आबा मेंढरांच्या मताबद्दल बोलले. आणि मी हसलो.

हसणं थांबल्यावर बा गेला नाही. तिथंच उभा राहिला. वस्तीची बाकीची माणसंही पायरीशी येऊन उभी राहिली. कुणी काही बोलेना, कुणी हलेना. तात्या पुन्हा म्हणाले, आबा, यांचं म्हणणं खोटं नाही. मग आबांनी सूर बदलला. बरं, म्हणाले, अर्धं शाळेला, अर्धं चराईला. झालं का समाधान?

"लिखापढीत घ्या," तात्या बाला म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

बा म्हणाला, "कागद कशाला तात्या? भंडारा हाय न्हवं."

भंडारा म्हणजे बिरोबाची हळद. आमच्यात ती चिमूटभर उचलून शब्द दिला की तो फिरत नाही. जमिनीची वाटणी, सोयरीक, भांडणाचा निवाडा, सगळं भंडाऱ्यावर. भंडारा उचलल्यावर वर कागद मागणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. आमची माणसं असंच मानायची. मीही मानत होतो.

बानं कमरेची पिशवी सोडली, तळहातावर भंडारा घेतला आणि हात आबांपुढं धरला.  आबांनी आपले दोन्ही हात वर करून दाखवले. नुकतीच तंबाखू मळलेली.

"तंबाखूच्या हातानं देवाचं कसं उचलू?" आबा म्हणाले. "माज्या वतीनं ह्यो उचलंल. तुमचंच लेकरू हाय."

ते माझ्याकडं बोट करत होते.

चावडीच्या मागं रांजण होता. हात धुवायला किती वेळ लागला असता? हे मला त्या दिवशी सुचलं नाही. उलट वाटलं, बघा, आपला देव किती मानतात. वस्तीच्या माणसांनाही तेच वाटलं. मी खुर्चीवरनं उठलो. छाती फुगली होती माझी. बाच्या हातातला भंडारा उचलला आणि मोठ्यानं म्हणालो, "अर्धं गायरान चराईला राहील. आबांच्या वतीनं भंडारा उचलतो."

बानं माझ्या कपाळाला हळद लावली. थोड्या वेळापूर्वी मी त्याला हसलो होतो. तरी लावली.

दुसऱ्या दिवशी आबांच्या सोप्यात बसून मी ठराव उतरवत होतो. अर्धं शाळेला, इथपर्यंत आलो. पुढं चराईचं लिहायला टाक उचलला तर आबा म्हणाले, "भंडारा उचललाय न्हवं तू?"

हो म्हणालो.

"मग परत कागदात घालतूस ते कशापाई? देवावर इस्वास न्हाई व्हय तुजा?"

मी शरमलो. खरंच शरमलो. शिकलो म्हणून आपण देवाला विसरलो की काय, असं वाटलं. मी ती ओळ लिहिली नाही. "अर्धे" हा शब्दही मग आबांनी काढायला लावला. अर्ध्या जागेला वरनं मंजुरी मिळत नाही म्हणाले. ठराव असा झाला: गावचे गायरान हायस्कूलसाठी द्यावे, सर्वानुमते मंजूर.

वही घेऊन मीच वस्तीवर गेलो. एकेकाचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला आणि ठरावाखाली उमटवला. बाचा अंगठा लोकर कातून कातून गुळगुळीत झालेला. पहिल्यांदा उमटलाच नाही. मी तो पुन्हा धरला आणि जोरात दाबला. वर काय लिहिलंय, कुणी विचारलं नाही. मी वाचून दाखवलं नाही. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगायचो की त्यांनी विचारलं नाही. विचारतील कशाला? त्यासाठीच तर त्यांनी मला शिकवलं होतं.

दिवाळी झाली. मेंढरं खाली उतरली. मी गावात राहिलो.

उन्हाळ्यात गायरानाच्या कडेनं चर खणायला सुरुवात झाली. एका बाजूनं झाली, दुसऱ्या बाजूनं झाली. चौथी बाजू खणायला घेतली तेव्हा मी आबांना विचारलं. पावसाचं पाणी जायला, म्हणाले. मी मान हलवली. पाणी उताराकडं जातं. चहूकडं चर कशाला लागतो, हे मेंढरामागं फिरणाऱ्यालाही कळतं. मला कळलं होतं. मी कळून घेतलं नाही. कारकुनाची जागा होती ना.

मृगाच्या तोंडावर वस्तीची माणसं परत आली. गायरानाला चारी बाजूंनी चर, चरावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण. एका कोपऱ्यात शाळेच्या पायाचे दगड आणि पाटी. मेंढरं गाडीवाटेवर उभी राहिली. पाऊस सुरू झाला होता आणि आत गवत उगवत होतं. मेंढरांना वास येत होता. ती काट्याला तोंड लावत होती.

बा आबांच्या वाड्यावर गेला. मी त्याच्या मागं. बा म्हणाला, "आबा, शब्द दिला हुता तुमी."

"म्या कवा दिला?" आबा म्हणाले. "वही हाय, वहीत दाव."

बा माझ्याकडं वळला. मी खाली बघितलं.

"भंडारा हुता," बा म्हणाला.

"भंडारा उचलला कुणी? ह्येनं." आबा चहा पीत होते. "मग जा, ह्येच्या खुर्चीला बांध मेंढरं."

सोप्यात चार माणसं होती. ती हसली. मला तेव्हा कळलं की आबांनी तंबाखू मळली होती ती कशासाठी. रागानं नाही, गडबडीनं नाही. सभा चालू असताना, बानं पिशवी सोडायच्या आधीच, त्यांनी ठरवलं होतं. आमचा शब्द कसा बांधतात ते त्यांना पक्कं माहीत होतं, आणि कुणाच्या हातानं तो मोडायचा हेही. त्यांनी मला खुर्ची दिली होती ती माझा हात पाहिजे होता म्हणून.

वाटेत बा एक शब्द बोलला नाही. घरी आई म्हणाली, "तुजा बा सांगत हुता, त्या दिशी तू बी हसलास." आठ महिने झाले होते त्याला. बानं ते तिला कधी सांगितलं होतं, देव जाणे.  

मेंढरं दोन वेळा लोकांच्या ज्वारीत शिरली आणि दोन वेळा कोंडवाड्यात गेली. आषाढ संपायच्या आत बानं सगळा कळप विकून टाकला. वस्तीवरच्या आणखी तीन घरांनी विकला. व्यापारी मेंढरं हाकून नेत होता तेव्हा बा मागं वळून उभा होता, गायरानाकडं तोंड करून.

त्या दसऱ्याला बिरोबाच्या देवळापुढं बा नेहमीप्रमाणं सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावत गेला. माणसांना लावला, बायकांना लावला, कडेवरच्या पोरांना लावला. माझ्यापाशी आला आणि माझ्या पुढच्या माणसाला लावला. हात नुसता पुढं गेला. मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या आधी पुन्हा ग्रामसभा लागली. शाळेच्या पायाच्या दगडांत गवत वाढलं होतं. आता विषय वेगळा होता. नदीवरनं पाणी उचलून माळावर आणायचं, गायरान सामुदायिक शेती सोसायटीला द्यायचं आणि तिथं ऊस करायचा. शाळा नंतर, सोसायटीच्या उत्पन्नातनं. सोसायटीचे सभासद कोण? आबांचे दोन भाऊ, पुतणे, जावई. आणि हवालदार तात्यांचा थोरला.

अनुमोदन तात्यांनी दिलं. गेल्या वर्षी लिखापढीत घ्या म्हणणारा हा माणूस. उठले, म्हणाले, "टाइमके साथ चलना पडता है," आणि बसले. माझ्याकडं बघितलं नाही.

मी खुर्चीवरच होतो. लोक विचारतील, इतकं झाल्यावर खुर्ची का सोडली नाहीस? उत्तर चांगलं नाही. वस्तीवर मला जागा उरली नव्हती, खुर्ची तेवढी उरली होती.

बा पायरीवर आला. घोंगडं खांद्यावर होतं, मेंढरं नव्हती तरी. तो म्हणाला, "माजं बी एक म्हणणं हाय."

आबा हसले. "आता तर मेंढरंच न्हाईत गड्या. मत कुणाचं घिऊन आलास?"

सभा हसली. तेच हसणं, तीच माणसं.

बा आबांकडं बघत नव्हता. हसणाऱ्यांकडं बघत नव्हता. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी हसतो का, ते बघत होता.

त्या नजरेत राग नव्हता. आशाही नव्हती. बाजारात जनावराचे दात बघतात, तसं तो बघत होता. हे जनावर ठेवायचं की नाही. मी तोंड मिटून बसलो. 

आबा म्हणाले, "लिव. सर्वानुमते मंजूर."

मी टाक खाली ठेवला. उठलो. म्हणालो, "सर्वानुमते लिवणार न्हाई आबा. माजी हरकत हाय."

"तुला कुणी इचारलं?"

"इचारलं न्हाई, तेच लिवतो आता."

मी उभ्याउभ्याच वही हातावर धरली आणि लिहायला लागलो. लिहीन तो शब्द मोठ्यानं वाचत गेलो. मागील सभेत अर्धे गायरान चराईस राहील असे सरपंचांनी सर्वांसमोर कबूल केले होते. त्यांच्या वतीने भंडारा मी उचलला होता. दुसऱ्या दिवशी ते वहीत लिहिले नाही, ती लबाडी माझी आहे. अंगठे घेताना वाचून दाखवले नाही, ती लबाडीही माझी आहे. आजच्या ठरावास माझा विरोध आहे.

 

आबा म्हणाले, "खुर्चीवरनं ऊठ."

"उठलोय," मी म्हणालो.

वही आणि शाईचं पॅड घेऊन मी पायरीवर गेलो. बापुढं वही धरली. बानं अंगठा पुढं केला नाही.

"आदी वाच," तो म्हणाला.

मी सगळं वाचलं. लबाडीच्या दोन्ही ओळी वाचल्या.

"परत वाच."

परत वाचलं. सगळं गाव ऐकत होतं. शेवटपर्यंत वाचलं. मग बानं स्वतः अंगठा पॅडवर टेकवला आणि वहीवर दाबला. मी धरू लागलो तर त्यानं माझा हात बाजूला केला. त्याच्यामागं वस्तीच्या माणसांनी अंगठे दिले. प्रत्येकानं आधी वाचायला लावलं. मी प्रत्येकाला वाचून दाखवलं.

मला वाटलं, आता बा माझ्याशी बोलेल. बोलला नाही. तो अंगठा ठरावाच्या विरोधात होता. माझ्या बाजूनं नव्हता.

ती वही पुढं हरवली. ग्रामपंचायतीत नवी वही आली, तिच्यात दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात ठराव होता, सर्वानुमते. तालुक्याला आम्ही अर्ज दिला. चौकशीला एक साहेब आले, आबांच्या सोप्यात बसले, गायरान लांबनंच बघून गेले. दोन वर्षांत तिथं ऊस उभा राहिला. शाळेचे दगड कुणाच्या तरी घराच्या जोत्याला लागले. मी पोटासाठी सांगलीजवळ कुपवाडला गेलो आणि एका छोट्या कारखान्यात लेथवर उभा राहिलो.

बा पुढं पंधरा वर्षं जगला. दर दसऱ्याला मी कुपवाडवरनं जायचो आणि देवळापुढच्या ओळीत उभा राहायचो. दर दसऱ्याला त्याचा हात माझ्या कपाळापाशी न थांबता पुढं जायचा. शेवटच्या वर्षी त्याला उभं राहवत नव्हतं, मी त्याला धरून ओळीतनं चालवत होतो. तो सगळ्यांना लावत गेला. मी त्याच्या काखेत हात घालून होतो. मला लावला नाही. त्याचं बरोबर होतं. मी माफी मागण्यासाठी हे लिहीत नाही. ज्याच्याकडं मागायची तो आता नाही, आणि असता तरी त्यानं दिली नसती.

आबाही गेले. त्यांचा मुलगा आता सरपंच आहे. शिकलेला आहे, मला काका म्हणतो, सतरंजीवर बसवतो. गेल्या महिन्यात वस्तीवरनं निरोप आला. माळाच्या पल्याडची खडकाळ पड पुढच्या ग्रामसभेत विषयाला घेतली आहे. तिथं काहीतरी चांगलं होणार आहे म्हणे, सगळ्यांच्या भल्याचं. वस्तीवर चार-पाच घरांत अजून मेंढरं आहेत आणि ती पावसाळ्यात त्या पडीवरच उभी असतात. आबांच्या मुलानं वस्तीवर सांगून पाठवलंय, चिंता करू नका, लागला तर भंडारा उचलू.

मी रजा टाकली आहे. मी जाणार आहे. सतरंजीवर बसणार नाही, बा उभा राहायचा त्या पायरीवर उभा राहणार आहे. वाचल्याशिवाय एकही अंगठा पडू देणार नाही. कुणाच्या वतीनं काहीही उचलणार नाही. ज्याला शब्द द्यायचा आहे त्यानं तो आधी वहीत लिहावा आणि मग स्वतःच्या हातानं भंडारा उचलावा.

हात तंबाखूचे असतील, तर धुवावेत. तांब्याभर पाणी मी नेणार आहे.